गेम चांगला निघाला, पण आधी कुणालाच कसं कळलं नाही?

नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत एसटी स्टँडच्या आसपास आणि शाळांच्या वाटेवर व्हिडिओ गेमची जी दुकानं होती, तिथं सगळ्यात जास्त गर्दी ‘मुस्तफा’समोर असायची. या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला आणि एका अमेरिकन कॉमिकवर बेतला. ते कॉमिक आपल्याकडं कुणी पाहिलं नव्हतं आणि कॅपकॉम हे नावही कुणाला ठाऊक नव्हतं. चार पात्रांतला एक मुस्तफा, पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ घालणारा. पोरांनी त्याच्याच नावानं गेमचं बारसं करून टाकलं.

त्या दुकानात कुणी काही ठरवून येत नसे. ट्रेलर नव्हता, परीक्षण नव्हतं, कुणी किती मार्क दिले हा प्रश्न नव्हता. नाणं टाकायचं, दांडा धरायचा, आणि हाताला पटलं तर खिशात दुसरं नाणं शोधायचं. गेम तोलायची इतकी सरळ पद्धत नंतर कधी राहिली नाही.

आता गेम हातात यायच्या दोन-तीन वर्षं आधीच त्याचा गाजावाजा सुरू होतो. खेळायला मिळेपर्यंत आपलं मत पक्कं झालेलं असतं. आणि तरीही दर एक-दोन वर्षांनी एखादा गेम हे मत खोटं पाडतो. ज्याची कुणी दखल घेतली नव्हती तो लाखो लोकांच्या गळ्यातला ताईत होतो, ज्याला लोकांनी मोडीत काढलं होतं तो तीन वर्षांनी दिमाखात उभा राहतो. पुष्कळांना हा नशिबाचा खेळ वाटतो. मला तसं वाटत नाही. गेम कसा बनतो हे थोडं समजून घेतलं की अंदाज का चुकतात तेही समजतं.

आपण अंदाज कशावरून बांधतो ते आधी पाहू. किंमत, कंपनीचं नाव, किती माणसं राबली, चित्र किती हुबेहूब दिसतं, गेम कशावर बेतलाय. या सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी. त्यांचा गेमच्या दर्जाशी संबंध असतो, पण सैल. सिनेमांवरून काढलेले गेम घ्या. असे गेम वाईटच असायचे, हा खेळणाऱ्यांचा जुना अनुभव, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. सिनेमाची तारीख ठरलेली, म्हणून गेमची तारीखही ठरलेली. अटारी कंपनीचा १९८२ सालचा ‘ई.टी.’ हा गेम नाताळच्या विक्रीला गाठायचा म्हणून एका माणसानं जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला. न खपलेला माल अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला गेला, आणि २०१४ साली ती गेमची काडतुसं (यंत्रात घालायच्या कार्ट्रिज) उकरून बाहेर काढण्यात आली.

आता याच्या शेजारी ‘गोल्डनआय ००७’ ठेवा. जेम्स बाँडचा सिनेमा आला नोव्हेंबर १९९५ मध्ये, आणि इंग्लंडच्या रेअर कंपनीचा गेम आला ऑगस्ट १९९७ मध्ये. सिनेमा लोक विसरत आले होते. गेम करणाऱ्या टोळीतल्या बहुतेकांचा हा पहिलाच गेम होता. कागदावर पाहिलं तर सगळी चिन्हं वाईट. सुरुवातीला तर ठरलेल्या रुळावरून आपोआप पुढं सरकत गोळ्या झाडायच्या, असा बेत होता. पण उशीर झाला म्हणून त्यांना करून बघायला वेळ मिळाला. रुळ काढून टाकले, खेळणाऱ्याला मोकळं फिरू दिलं. शत्रूला हाताला गोळी लागली तर तो हात धरतो, पायाला लागली तर लंगडतो, हे त्या काळी नवं होतं. चार जणांनी एकाच टीव्हीवर एकमेकांविरुद्ध खेळायची सोय तर अगदी शेवटच्या टप्प्यात घुसवली, आणि लोकांनी गेम डोक्यावर घेतला तो मुख्यतः त्या सोयीमुळं. ८० लाखांवर प्रती खपल्या. सिनेमाच्या तारखेचं जोखड मानेवर असतं तर यातलं निम्मंही झालं नसतं, असं माझं मत आहे.

पण वेळ मिळाल्यावर नेमकं काय सुधारतं? हे समजायला एक उडी अगदी जवळून पाहावी लागेल.

२०१८ साली आलेला ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढायचा गेम. त्याचा पहिला, कच्चा नमुना दोघांनी चार दिवसांत केला होता. त्यातली मुलगी कड्यावरून पळत येते आणि उडी मारते. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे एक चित्र साधारण १६ मिलिसेकंद टिकतं. तुम्ही कड्याची कड पाहिली, मेंदूनं ‘आता’ म्हटलं, अंगठ्यानं बटण दाबलं, यात थोडा वेळ जातोच. तेवढ्यात मुलगी कडेच्या पलीकडं गेलेली असते. हिशेबानं ती हवेत आहे, आणि हवेत असलेल्याला उडी मारता येत नाही. कडक नियम लावला तर ती पडेल आणि तुम्ही चिडून म्हणाल, ‘मी वेळेवर दाबलं होतं!’ तुमचं म्हणणं तुमच्या परीनं खरंच असतं. सेलेस्ट इथं तुमची बाजू घेतो. कड सोडल्यावर काही चित्रांपुरती ती अजून जमिनीवर आहे असंच तो धरतो आणि उडी मान्य करतो. जमिनीला पाय टेकायच्या जराशी आधी बटण दाबलंत तर ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताक्षणी उडी देतो. डोकं एखाद्या कोपऱ्याला निसटतं घासलं तर तिला हळूच बाजूला सरकवून पुढं जाऊ देतो.

खेळणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याला एवढंच वाटतं, की हा गेम अवघड आहे पण आपल्यावर अन्याय करत नाही. ही भावना ट्रेलरमध्ये दाखवता येत नाही, खोक्यावर छापता येत नाही. आणि सवलत किती चित्रांची द्यायची हे कुठल्या सूत्रातून निघत नाही. कमी दिली तर गेम खाष्ट होतो, जास्त दिली तर पचपचीत. बदल करायचा, खेळायचं, परत बदलायचं. एका उडीचं हे असं, आणि गेममध्ये अशा शेकडो गोष्टी असतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. उडी जरा उंच केली की सगळे कडे पुन्हा मांडावे लागतात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग ज्या गावात केला, त्या गावातल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. नुसती संहिता वाचून नाटक चालेल की पडेल हे सांगता येत नाही, ते तालमीत घडतं आणि प्रेक्षकांपुढं कळतं. फरक इतकाच, की रंगमंचावर नट समोरच्याचा अंदाज घेऊन एखादी जागा लांबवतो, आखडती घेतो. गेममध्ये ही सगळी समज आधीच यंत्रात भरून ठेवावी लागते.

म्हणूनच करणाऱ्यांनाही आपल्या हातात काय आहे हे पुष्कळदा उशिरा कळतं. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते, छाती धडधडायला लागते. हे कुणी मुद्दाम रचलेलं नव्हतं. त्या वेळच्या यंत्राला इतके सगळे शत्रू भराभर काढणं झेपत नव्हतं, ते मेले की भार हलका होऊन बाकीचे पळायला लागत. तोमोहिरो निशिकादो या कर्त्यानं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात गाड्यांच्या पाठलागाचा एक रटाळ गेम तयार होत होता. त्यात एके दिवशी पोलिसांच्या गाड्यांच्या वागण्यात बिघाड झाला आणि त्या वेड्यासारख्या खेळाडूच्या अंगावर यायला लागल्या. खेळून पाहणाऱ्यांना तेच आवडलं. पुढं १९९७ साली तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणून बाहेर पडला. चूक सगळ्यांच्याच हातून होते. ती पुसायच्या आधी थांबून तिच्याशी खेळून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते, आणि माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब तेच.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गेमबद्दल जरा सविस्तर लिहितो.

एरिक बॅरोन हा अमेरिकेतल्या सिॲटल भागातला मुलगा. २०११ साली कॉम्प्युटरची पदवी घेतली, नोकरी मिळेना. हाताला सराव राहावा आणि नोकरीच्या अर्जात दाखवायला काही असावं म्हणून त्यानं शेतीचा एक छोटा गेम करायला घेतला. लहानपणी ‘हार्वेस्ट मून’ नावाचा जपानी शेतीचा गेम त्याला फार आवडायचा, आणि त्या मालिकेचे पुढचे भाग उतरत चाललेत असं त्याला वाटत होतं. छोटा म्हणून घेतलेल्या कामाला चार वर्षांहून जास्त लागली. संध्याकाळी एका थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम करायचा, बाकी वेळ गेम. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्यानं. चित्रं मनासारखी होईनात म्हणून पुन्हा पुन्हा काढली. २६ फेब्रुवारी २०१६ ला ‘स्टारड्यू व्हॅली’ बाहेर पडला. दोन महिन्यांत १० लाख प्रती गेल्या, आणि २०२४ च्या अखेरीस हा आकडा ४ कोटींच्या पुढं होता.

चौकोनी ठिपक्यांची चित्रं, एकटा माणूस, विषय शेती. बाहेरून बघणाऱ्यानं काय अंदाज केला असता? पण हातात घेतल्यावर जे होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गेममधला एक दिवस खऱ्या वेळेत साधारण १४ मिनिटांचा. अंगात शक्ती मोजकी, ती संपायच्या आत काय काय उरकायचं हे तुम्ही ठरवायचं. आणि गेम साठवला जातो तो झोपल्यावर. इथं खरी गंमत आहे. दिवस संपला, गेम साठवला गेला, आता बंद करायला हरकत नाही, आणि नेमकं त्याच क्षणी दुसरी सकाळ उगवते. काल लावलेलं वर आलेलं दिसतं, टपालपेटीत पत्र असतं. थांबायची जागा आणि सुरुवातीची जागा एकच केल्यामुळं ‘एवढा एक दिवस’ म्हणत रात्रीचे दोन वाजतात.

माझा भाचा तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. त्याला हा गेम मीच दाखवला. गेममध्येही द्राक्षं आहेत, शरद ऋतूत लावायची. वेल दहा दिवसांत फळाला येतो आणि मग दर तीन दिवसांनी तोडा. पोरगं ओळी लावत होतं आणि मध्येच थांबलं.

‘मामा, ह्या मांडवातनं माणूस आरपार जात नाही. वाट सोडायला पायजे.’

खरं आहे. वेल मांडवावर चढवलेला असतो, त्यातून पात्राला चालता येत नाही, आणि पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण ओळी दाटून लावतात आणि आपल्याच बागेत अडकतात. यानं लावायच्या आधी ओळखलं, कारण घरी दोन ओळींतनं ट्रॅक्टर जातो की नाही हे तो लहानपणापासून बघतोय. थोड्या वेळानं गेममध्ये पाऊस सुरू झाला आणि पात्राला त्या दिवशी पाणी घालायचं काम उरलं नाही.

‘हितं पाऊस पडला की काम वाचतंय. आमच्याकडं पाऊस पडला की पप्पा फवारणीचा पंप बाहेर काढत्यात.’

अवकाळी पावसानं दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, रात्री-अपरात्री फवारणी करावी लागते, हे त्याला माहीत आहे. गेममध्ये दावण्या नाही, भुरी नाही, ऑक्टोबर छाटणी नाही, कर्जाचा हप्ता नाही. ‘छाटणी न करता द्राक्ष कसं येतंय?’ हा त्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. बॅरोननं काय ठेवलं आणि काय सोडलं, यातच या गेमचं यश आहे. शेतीतली अनिश्चितता त्यानं बरीचशी काढली आणि लय ठेवली. २८ दिवसांचा ऋतू, ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक करपणार, म्हणून लावणीचा दिवस चुकवायचा नाही. तेवढा एक काच पुरेसा आहे. सगळी खरी शेती आत आणली असती तर तो हिशेबाचा गेम झाला असता आणि भाच्यासारखं पोर संध्याकाळी तो घेऊन बसलं नसतं. तो मात्र बसतो, आणि दिवसभर बागेत राबलेल्या त्याच्या आईलाही शेजारी बसून बघायला आवडतं. याहून मोठी पावती मला सुचत नाही.

दुसरी जात म्हणजे आधी आपटलेले आणि मग सुधारलेले गेम. पूर्वी काडतूस एकदा कारखान्यातून बाहेर पडलं की त्यातली चूक कायमची. इंटरनेट आलं आणि विकलेला गेमही दुरुस्त करता येऊ लागला. ‘नो मॅन्स स्काय’ हे याचं ठळक उदाहरण. इंग्लंडच्या गिल्डफर्डमधली हॅलो गेम्स ही पंधराएक माणसांची कंपनी. त्यांनी अख्खं विश्व मांडलं, त्यात १८ वर १८ शून्यं लिहिली तर होईल त्याहून जास्त ग्रह. हे ग्रह कुणी काढून ठेवलेले नाहीत. प्रत्येक ग्रहाला एक मोठा अंक, तो सूत्रात घातला की डोंगर, झाडं, प्राणी सगळं त्या क्षणी तयार होतं. तोच अंक पुन्हा घातला की तोच ग्रह परत. त्यामुळं काहीच साठवावं लागत नाही. कल्पना डोळे दिपवणारी, अपेक्षाही तशीच वाढली. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि लोक भडकले. ग्रह अगणित, पण करायला काम थोडं. दोन खेळाडू ठरवून एकाच जागी पोचले तर एकमेकांना दिसेनात. कंपनीनं बोलणं बंद केलं आणि काम सुरू ठेवलं. एकामागून एक फुकट अपडेट, २०१८ मध्ये खरोखर एकत्र खेळायची सोय, आणि ते काम आजतागायत चालू आहे.

त्याहून धाडसी गोष्ट ‘फायनल फँटसी १४’ या इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायच्या जपानी गेमची. २०१० साली आला तेव्हा इतका वाईट होता, की वर्ष संपायच्या आत नाओकी योशिदा यांच्या हातात सूत्रं द्यावी लागली. काय बिघडलं होतं याचा एक नमुना त्यांनीच सांगितलाय. बाजूला पडलेल्या एका फुलांच्या कुंडीचं चित्र खेळाडूच्या पात्राइतकंच बारकाईनं घडवलेलं होतं, १,००० बहुभुजांचं, म्हणजे चित्र ज्या छोट्या सपाट तुकड्यांतून जोडतात तसल्या हजार तुकड्यांचं. कुंडी सुंदर, पण पडद्यावर वीसेक माणसं आली की यंत्राचा दम निघे. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीवर सगळी ताकद घालवली की काय होतं, ते या कुंडीत दिसतं. योशिदांनी जुना गेम चालवत ठेवून शेजारी नवा बांधला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुन्या जगावर आकाशातून चंद्र कोसळला, सगळं बेचिराख झालं, सर्व्हर बंद. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच कथेला धरून नवं जग सुरू झालं, आणि ते अजून गजबजलेलं आहे.

‘सायबरपंक २०७७’ही डिसेंबर २०२० मध्ये इतका तुटका आला, की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर तो खरोखर चांगला झाला. पण इथं मला स्पष्ट बोलायचंय. अशा कथा ऐकायला छान वाटतात, तरी त्या दुरुस्तीचा खर्च पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांनी उचललेला असतो. तीन वर्षांनी गेम सुधारला म्हणून त्यांची फसगत भरून निघत नाही. आणि अशा प्रत्येक गेममागं सर्व्हर बंद करून विसरून गेलेले कितीतरी गेम असतात.

कधी कधी गेम जसाच्या तसा राहतो आणि दिवस बदलतात. तिघाजणांनी केलेला ‘अमंग अस’ जून २०१८ मध्ये आला तेव्हा एका वेळी पन्नाससुद्धा माणसं खेळत नसत. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या पोरांना एकमेकांवर संशय घेत गप्पा मारायला तोच सापडला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला. तरी २०२० मध्ये गेम आला आणि अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या नामांकनात पोचला. त्यातली मारामारी मला थोडी उथळ वाटते. पण राजस्थानी वाड्यांची ती गच्चीवरून गच्चीवर जाणारी वाट, आणि दुर्गा-विष्णूंचं मध्येच आपसांत बोलणं, हे जगातल्या दुसऱ्या कुठल्या कंपनीनं इतक्या आपलेपणानं केलं नसतं.

एवढं सगळं कळल्यावर विकत घेणाऱ्यानं करायचं काय? ट्रेलर बघा, पण त्यात खरा खेळ किती सेकंद दिसतो ते मोजा. आगाऊ पैसे भरून नोंदणी करू नका, डिजिटल गेमचा माल संपत नाही. कुणी नुसतं खेळतानाचं अर्धा तासाचं चित्रीकरण बघा, बडबड बंद करून. नमुना (डेमो) फुकट मिळत असेल तर आधी तोच उतरवा. आणि कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेत असाल, तर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. हे आमच्याकडच्या पुष्कळ पोरांना माहीतच नसतं. पहिल्या दोन तासांतला बराच वेळ नुसत्या कथेच्या चित्रफितीत घालवणारे गेम असतात, तेव्हा घड्याळावर लक्ष ठेवा आणि शक्य तितक्या लवकर कंट्रोलर हातात घेऊन उड्या मारून बघा.